संकल्प शाबूत, चेष्टा लुप्त : पक्षाघात आणि मेंदू-संगणक जोडणी

वातव्याधींमध्ये पक्षवध हा रुग्णापेक्षा त्याच्या नातेवाइकांना अधिक बोलावयास लावणारा व्याधी आहे. रुग्ण खाटेवर असतो आणि त्याच्या डोक्यावरून चर्चा चालते : किती दिवस लागतील, बस्ती किती द्यावे लागतील, पूर्वीसारखे चालता येईल काय. गेल्या दोन-तीन वर्षांत या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने नोलँड आर्बो या मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूत एक उपकरण बसविले, तो केवळ विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला आणि ती चित्रफीत घरोघरी पोहोचली. तेव्हापासून यावल-रावेरकडील केळी बागायतदारही आम्हाला विचारतात, “वैद्यराज, मेंदूत चिप बसवून लुळा माणूस उठतो म्हणे, ते आपल्याकडे कोठे होते?”

या प्रश्नास “ते सारे परदेशातले खूळ आहे” असे उत्तर देणे सोपे आहे आणि “होय, लवकरच येईल” असे सांगणे त्याहून सोपे. दोन्ही उत्तरे चुकीची असल्यामुळे, हा विषय वैद्यमित्रांपुढे थोड्या विस्ताराने मांडावा असे आम्हास वाटले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘लुळेपणा’ या एका शब्दाखाली आपण अनेक भिन्न अवस्था एकत्र करतो. हात उचलावा असा संकल्प झाला म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील चेष्टाक्षेत्रातील पेशी सूक्ष्म विद्युत्स्पंद सोडतात. ते मस्तिष्कस्तंभातून, ज्यास ब्रेनस्टेम म्हणतात त्या भागातून, खाली उतरतात, सुषुम्नेतून जातात, तेथून नाडीवाटे स्नायूपर्यंत पोहोचतात. हा मार्ग कोठेही तुटला तरी बाहेरून दिसणारे चित्र एकच, हात उचलत नाही. परंतु मानेचा मणका मोडलेल्या रुग्णात आज्ञा देणारे क्षेत्र धडधाकट असते, फक्त निरोप पोहोचत नाही. मस्तिष्कस्तंभात रक्तपुरवठा तुटलेल्या रुग्णात वाणीही जाते, मात्र बुद्धी आणि स्मृती शाबूत राहतात. एएलएस या व्याधीत स्नायूंना चालविणाऱ्या पेशीच हळूहळू क्षीण होतात. आणि आपल्याकडे नित्य येणाऱ्या अर्धांगाच्या रुग्णात बहुधा मेंदूच्या वरील वा मधल्या भागातच घाव झालेला असतो.

वायू हा सर्व चेष्टांचा प्रवर्तक, मनाचा नियंता आणि वाणीस प्रवृत्त करणारा आहे, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. हा अध्याय वाचून ‘मेंदू-संगणक जोडणीही आमच्याकडे होतीच’ असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. संकल्प आणि चेष्टा या दोहोंमध्ये एक वाहक आहे, तो बिघडला म्हणजे संकल्प असूनही चेष्टा होत नाही, एवढी दृष्टी आपणास त्या अध्यायातून मिळते आणि ती पुरेशी आहे. विद्युत्स्पंद मोजण्याची विद्या निराळी आणि ती अलीकडची आहे.

हॅन्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूचे विद्युत्-तरंग प्रथम नोंदविले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज ज्यास आपण ईईजी म्हणतो ते हेच. या तरंगांनी एखादे यंत्र चालविता येईल काय, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील जॅक विदाल यांनी १९७३ मध्ये मांडला, आणि ‘ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस’ हे नावही त्यांचेच. कवटीवरून घेतलेली नोंद मात्र अस्पष्ट असते. भिंतीपलीकडे सभा भरली असता गलबला ऐकू यावा, पण कोण काय बोलतो ते कळू नये, तसे. एकेका पेशीचा आवाज ऐकावयाचा तर भिंतीच्या आत जावे लागते.

ते धाडस ब्रेनगेट या प्रकल्पाने केले. मॅसॅच्युसेट्समधील मॅट नेगल या तरुणास २००१ मध्ये मानेत सुरा लागून चारही अवयव लुळे पडले होते. जून २००४ मध्ये त्याच्या चेष्टाक्षेत्रात सुमारे चार मिलिमीटर लांबी-रुंदीची एक चकती बसविण्यात आली. तिच्यावर केसासारख्या बारीक ९६ सुया होत्या. ‘हात डावीकडे नेतो आहे’ अशी कल्पना करावयास त्यास सांगण्यात आले. त्या वेळी कोणत्या सुईपाशी किती स्पंद उमटतात हे संगणकाने टिपले, आणि हळूहळू तो संगणकाच्या पडद्यावरील बाण हलवू लागला, टपाल उघडू लागला, दूरदर्शन संच चालवू लागला. त्याचे वृत्त २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यातील खरे नवल संगणकाचे नाही असे आमचे मत आहे. तीन वर्षे हात हलला नव्हता, तरी हात हलविण्याची आज्ञा मेंदूत जशीच्या तशी उमटत होती, हे नवल. पुढे कॅथी हचिन्सन या बाईंच्या बाबतीत तर हा काळ जवळजवळ पंधरा वर्षांचा होता. १९९६ मध्ये मस्तिष्कस्तंभातील आघाताने त्यांचे सर्व शरीर आणि वाणी गेली होती. त्यांनी विचाराने एक यांत्रिक हात चालवून कॉफीची बाटली तोंडाशी आणली आणि स्वतः घोट घेतला. ही नोंद २०१२ मधील आहे.

‘बरीच वर्षे झाली, आता आत काही उरले नसेल’ असे आपण रुग्णासमोर सहज म्हणतो. आत काय उरले आहे हे बाहेरून दिसत नाही, इतके तरी या दोन रुग्णांनी दाखवून दिले आहे.

हाताच्या पाठोपाठ संशोधकांनी वाणी हाती घेतली. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड येथे एका लुळ्या रुग्णास ‘हातात लेखणी धरून अक्षर काढतो आहे’ अशी कल्पना करावयास सांगून, त्या कल्पनेतील अक्षरे संगणकाने वाचली. मिनिटास ९० अक्षरे हा वेग गाठला गेला. २०२३ मध्ये बोलण्याच्या प्रयत्नातून थेट शब्द काढण्यात स्टॅनफर्डला मिनिटास ६२ आणि सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठास ७८ शब्दांपर्यंत यश आले. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले डेव्हिस येथील विद्यापीठाचे वृत्त आम्हास सर्वांत बोलके वाटते. केसी हॅरेल हे एएलएसचे रुग्ण, वय ४५. त्यांचे बोलणे घरच्यांनाही कळेनासे झाले होते. मेंदूत २५६ विद्युदग्रे बसविल्यावर सव्वा लाख शब्दांच्या भांडारातून त्यांना अभिप्रेत असलेले शब्द ९७ टक्के अचूक निघू लागले, आणि आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या त्यांच्याच आवाजात ते संगणकाने उच्चारले.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गर्ट-यान ओस्काम या रुग्णावर झालेला प्रयोग याहून निराळा. २०११ मध्ये सायकलच्या अपघातात त्यांच्या मानेच्या मणक्यास इजा झाली होती. त्यांच्या मेंदूतील संकेत बिनतारी मार्गाने घेऊन सुषुम्नेच्या खालच्या भागावर बसविलेल्या उत्तेजकास पोहोचविण्यात आले, म्हणजे तुटलेल्या पुलास वळसा घालून रस्ता काढला. कुबड्यांच्या आधाराने ते चालू लागले, पायऱ्या चढले. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. बागायतदारांनी ऐकलेली ‘लुळा माणूस उठला’ ही गोष्ट बहुधा याच प्रयोगाची असावी. न्यूरालिंकचा तरुण बुद्धिबळ खेळतो, चालत मात्र नाही.

आता आपल्या रुग्णांकडे वळू. वर आलेले रुग्ण पुन्हा पाहा : मणक्याची इजा, मस्तिष्कस्तंभातील आघात, एएलएस. या सर्वांत मेंदूचा वरचा भाग अबाधित होता. जोडणी संकल्प वाचते. संकल्पाचे ठिकाणच घावात गेले असेल तर तिला वाचावयास फारसे उरत नाही. म्हणूनच उजव्या अंगाचा पक्षाघात होऊन ज्याची भाषाच गेली आहे, ज्यास शब्द सुचत नाहीत वा आपले बोलणे समजत नाही, अशा रुग्णास वाणीची ही उपकरणे आज उपयोगी नाहीत. वाक्संग म्हणून आपण ज्याची नोंद करतो त्यात हे दोन भेद प्रत्येक वेळी करावेत : जीभ-ओठ चालत नाहीत पण सारे कळते तो एक, आणि भाषाच विस्कटली तो दुसरा. पहिल्यास लिहून दाखविता येते वा मान हलवून अचूक उत्तर देता येते. दुसऱ्यास लिहिताही येत नाही. एवढी परीक्षा करावयास पाच मिनिटे पुरतात आणि नातेवाइकांस काय सांगावयाचे ते तिच्यावर ठरते.

दुसरी बाजू धोक्यांची. मेंदूत परकी वस्तू गेली की भोवती व्रणवस्तू धरते आणि काही वर्षांत संकेत मंदावू शकतात. न्यूरालिंकच्या पहिल्याच रुग्णात मेंदूत रोवलेले बरेचसे धागे काही आठवड्यांत मागे सरकले आणि संगणकाची गणनपद्धती बदलून काम चालवावे लागले. सिंक्रॉन या कंपनीने कवटी न उघडता गळ्यातील सिरेवाटे जाळीदार नळी मेंदूच्या मोठ्या सिरेत नेऊन बसविण्याची युक्ती काढली. तीत शस्त्रकर्म सौम्य, पण विद्युदग्रे अवघी १६ आणि त्यामुळे काम मर्यादित. ओहायोतील इयन बर्कहार्ट या तरुणाने २०१४ मध्ये बसविलेल्या उपकरणाच्या साह्याने स्वतःचा हात हलविला, वस्तू उचलल्या, कार्डाने पैसे देण्याची क्रिया करून दाखविली. संसर्गामुळे २०२१ मध्ये ते उपकरण काढावे लागले आणि हात पुन्हा पूर्वीसारखा झाला. अद्याप ही सारी उपकरणे प्रामुख्याने चाचणीच्या चौकटीतच आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर याने व्याधी साध्य होत नाही. ते यापन आहे : उपाय चालू तोवर लाभ, थांबला की पूर्वस्थिती. यापन हे तुच्छ नव्हे. तथापि नातेवाइकांस ‘बरा होईल’ आणि ‘आधार मिळेल’ यांतील अंतर वैद्यानेच समजावून द्यावयाचे असते. या संशोधनासाठी शेत विकावयास निघालेल्या माणसास तर स्पष्ट शब्दांत थांबविले पाहिजे.

मग आपल्या अर्धांगाच्या रुग्णास यात काहीच नाही काय? आहे, आणि ते कानपूरला आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आशिष दत्ता यांनी सुमारे १५ वर्षे खपून पक्षाघाताच्या रुग्णांसाठी हातात घालावयाचा एक यांत्रिक सांगाडा तयार केला. यात मेंदूला सुई लागत नाही. कवटीवरूनच तरंग घेतले जातात. रुग्णाने मूठ मिटण्याचा संकल्प करावा, तो संकल्प तरंगांत दिसला की यंत्राने त्याच क्षणी बोटे मिटवावीत, अशी योजना आहे. भारत आणि ब्रिटन येथील प्रत्येकी चार रुग्णांवर आरंभीची चाचणी झाली. आघातानंतर एक-दोन वर्षांनी ज्यांची सुधारणा थबकली होती असे हे रुग्ण होते आणि त्यांच्यात उत्तम लाभ दिसल्याचे संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले. आठ रुग्णांवरून सिद्धांत होत नाही, हे आपल्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. पण यामागील तत्त्व आपल्या चिकित्सेस लगेच उपयोगी पडणारे आहे. परिचारक रुग्णाची बोटे उघडतो-मिटतो आणि रुग्ण छताकडे पाहत असतो, असा व्यायाम आपल्याकडे सर्रास चालतो. संकल्प आणि हालचाल एकाच क्षणी घडली तर मेंदूस नवी वाट पाडण्यास साह्य होते, असा या तंत्राचा आधार आहे. तेव्हा अभ्यंग-स्वेदानंतर अवयव हलविताना रुग्णास त्या अवयवाकडे पाहावयास लावावे, ‘मी मूठ मिटतो आहे’ असा प्रयत्न आधी करावयास सांगावे आणि मग परिचारकाने हात द्यावा. यास यंत्र लागत नाही.

मणक्याच्या इजेने कमरेखाली लुळे पडलेल्यांची गोष्ट पुन्हा वेगळी. त्यांचे हात शाबूत असतात. पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र चालू आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, आणि २०१८ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पक्षाघाताने कमरेखाली लुळेपण आले. त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन प्रत्येक वैद्याने वाचावे असे आहे. अशा रुग्णांचे आयुष्य मूत्रमार्गाची स्वच्छता, शय्याव्रण टाळणे आणि दारापाशी उतार असणे यांवर अवलंबून असते. अमेरिकेत २००४ मध्ये मणक्याची इजा झालेल्या ६८१ जणांस ‘काय परत मिळावे’ असे विचारले गेले, तेव्हा चारही अवयव लुळे असणाऱ्यांनी चालण्यास अग्रक्रम दिला नाही. त्यांनी हात मागितला.

आमच्या खानदेशात हे रुग्ण कसे तयार होतात हेही पाहावे. चिंचेच्या वा आंब्याच्या झाडावरून पडणे, विहिरीत कोसळणे, केळीने भरलेल्या वाहनावरून खाली येणे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरील दुचाकीचे अपघात. पडलेल्यास चौघे हातपाय धरून उचलतात, बैलगाडीत वा रिक्षात मुडपून बसवितात आणि उरलीसुरली सुषुम्ना त्या प्रवासात जाते. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत पृष्ठवंशाच्या भग्नासाठी कपाटशयन सांगितले आहे. फळी वा दाराचे पान, त्यावर उताणा, मान दोन्ही बाजूंनी उशांनी स्थिर, हा नियम गावातील दहा तरुणांस शिकवून ठेवावा. पक्षाघाताच्या नव्या रुग्णाचेही तसेच. गुठळी विरघळविण्याची सूचिका साधारणतः लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. फैजपूरहून जळगावला पोहोचून डोक्याचा सीटी स्कॅन होईतो त्यातील बराच वेळ सरतो. अशा वेळी चिकित्सालयात ठेवून घेऊन तेल लावीत बसणे हे शास्त्रास धरून नाही. चरकाचार्यांनीही या गंभीर वातव्याधींत नवा व्याधी आणि बलवान रुग्ण असतानाच यत्न करावा असे बजावले आहे.

आता वाणी गेलेल्या रुग्णाविषयी, ज्याच्यासाठी हे सारे संशोधन चालले आहे. डेव्हिसच्या उपकरणाचे यश निम्मे मेंदूतील सुयांचे आणि निम्मे इंग्रजी जाणणाऱ्या गणनपद्धतीचे आहे. स्पंदांवरून ध्वनी ओळखले जातात आणि पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज संगणक इंग्रजी वाक्यांच्या सवयीने बांधतो. लेवा बोलीत ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणाऱ्या आजोबांसाठी, वा सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी-पावरा रुग्णांसाठी, तशी सवय कोणी तरी संगणकास लावावी लागेल. देवनागरीत आरंभ मात्र झाला आहे. १९८८ मध्ये फारवेल आणि डोन्चिन यांनी एक युक्ती काढली : अक्षरांचा चौकोन पडद्यावर ठेवावा, त्याच्या ओळी आणि स्तंभ एकामागून एक चमकवावेत, रुग्णाच्या मनातील अक्षर चमकले की सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट तरंग उठतो, त्यावरून अक्षर ओळखावे. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी गेल्या दशकात देवनागरी अक्षरांचा असा चौकोन करून त्यावर काम केले. इंग्रजीपेक्षा आपली अक्षरे अधिक, त्यात काना-मात्रा, त्यामुळे चौकोन मोठा आणि वेग कमी, ही अडचण त्यांस सोडवावी लागते.

हीच ओळी-स्तंभांची युक्ती विजेवाचूनही चालते. फ्रान्सचे पत्रकार जाँ-दोमिनिक बोबी यांचे १९९५ मधील आघातानंतर फक्त डावे पापणे हलत होते. सहायक अक्षरे म्हणत जाई, योग्य अक्षरास ते पापणी मिटत. असे करून त्यांनी पूर्ण पुस्तक सांगितले व ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली वर्णमाला तर मुळातच वर्गांत मांडलेली आहे.

तेव्हा प्रत्येक चिकित्सालयात एक पुठ्ठा असावा. रुग्ण निपचित दिसला तरी त्यास बेशुद्ध म्हणण्यापूर्वी ‘डोळे वर करा, खाली करा’ असे सांगून पाहावे. सर्व शरीर गेले तरी डोळ्यांची वर-खाली हालचाल आणि वरची पापणी बहुधा उरते. मिटणे आपोआपही होते, म्हणून ‘होय’साठी वर पाहणे ठरवावे. मग ज्याचे उत्तर ठाऊक आहे असे प्रश्न विचारावेत : ‘हे गाव सावदा काय?’ ‘फैजपूर काय?’ उत्तरे जुळली की पुठ्ठा पुढे आणावा. वरच्या ओळीत रोजचे शब्द : दुखते, पाणी, कूस बदला, लघवी, खाज येते, उकडते, दिवा घालवा, एकटे सोडू नका. दुसरीत स्वर. पुढील पाच ओळींत क, च, ट, त, प हे वर्ग, आठवीत य पासून ळ पर्यंत, शेवटी अंक. परिचारकाने प्रथम ओळ विचारावी, ‘होय’ मिळाल्यावर त्या ओळीतील अक्षरे. काना-मात्रा आरंभी सोडून द्याव्यात. ‘प’ आणि ‘ण’ एवढ्यावर घरचा माणूस ‘पाणी’ ओळखतो. रुग्णाची भाषा अहिराणी वा पावरी असेल तर वरच्या ओळीतील शब्द त्याच्या घरच्यांकडून विचारून त्याच भाषेत लिहावेत, आणि एक चौकट रिकामी ठेवावी, कारण पहिल्या दोन दिवसांत रुग्णच कोणता शब्द राहून गेला ते सांगतो.